आरसीबी प्लेऑफमध्येच का हरायची? कोहलीवरचे आरोप आणि गुणतालिकेत दडलेलं उत्तर

मे महिन्याची संध्याकाळ, भाट्ये किनारा. ओहोटी लागली की ओली वाळू टणक होते आणि सुरूच्या बनासमोर टेनिस बॉलचं क्रिकेट सुरू होतं. मुंबईहून चाकरमानी सुट्टीला आलेले असतात, त्यामुळे दहापैकी सहा पोरांच्या अंगावर निळी जर्सी असते. आयपीएलचे प्लेऑफ नेमके याच दिवसांत येतात. मग अंधार पडल्यावर बॅटी गोळा होतात आणि भाट्ये पुलावरून रत्नागिरीकडे परतेपर्यंत तोच जुना वाद रंगतो.

"आरसीबी म्हणजे नुसता आवाज रे. प्लेऑफ आलं की संपलं."

"आणि तुझा कोहली? मोठ्या मॅचला कधी चाललाय?"

हाच वाद गेली कित्येक वर्षं व्हॉट्सअप ग्रुपवर, रील्सच्या खाली आणि मीम्समधून चालू आहे. २०२५ साली रॉयल चॅलेंजर्स बंगळुरूने कप जिंकला, तरी तो मिटलेला नाही. आता त्याचं रूप बदललं आहे. "एकदा जिंकले म्हणजे काय झालं, सतरा वर्षं काय करत होते?" असं विचारलं जातं.

प्रश्न चुकीचा नाही. पण उत्तर म्हणून जे दिलं जातं ते बहुतेक वेळा चुकीचं असतं. २०२५च्या हंगामापर्यंतचे आकडे घेऊन ते एकदा तपासून बघू.

आधी नियम

२००८ ते २०१० या तीन हंगामांत साधी उपांत्य फेरी होती. चार संघ, दोन सामने, मग अंतिम. २०११ पासून आजची पद्धत आली. साखळीत पहिला आणि दुसरा आलेला संघ क्वालिफायर वन खेळतो. जिंकणारा थेट अंतिम फेरीत जातो, हरणाऱ्याला आणखी एक संधी मिळते. तिसरा आणि चौथा संघ एलिमिनेटर खेळतो, तिथे हरला तो घरी. एलिमिनेटर जिंकणारा क्वालिफायर टू मध्ये पहिल्या सामन्यात हरलेल्या संघाशी भिडतो.

वाचायला हे किरकोळ वाटतं, पण वादाची खरी चावी इथेच आहे. समजा चारही संघ अगदी तोडीस तोड आहेत आणि प्रत्येक सामना म्हणजे नाणेफेक. मग पहिल्या दोनातल्या संघाची अंतिम फेरी गाठण्याची शक्यता निघते ७५ टक्के आणि कप जिंकण्याची साडेसदतीस टक्के. तिसऱ्या-चौथ्या संघाला सलग तीन सामने जिंकावे लागतात, त्यामुळे त्याची शक्यता फक्त साडेबारा टक्के. म्हणजे गुणतालिकेत दुसरं आणि तिसरं यांच्यात दोन गुणांचा, कधी नुसत्या नेट रनरेटचा फरक असतो आणि कपच्या शक्यतेत मात्र तिपटीचा.

आरसीबीचा हिशेब

आता या चष्म्यातून आरसीबीकडे बघा.

नव्या पद्धतीत हा संघ २०२५ पर्यंत आठ वेळा प्लेऑफला पोहोचला. त्यातल्या तीन वेळा पहिल्या दोनांत होता: २०११ (पहिला), २०१६ (दुसरा) आणि २०२५ (दुसरा). या तिन्ही वेळा तो अंतिम फेरीत गेला. उरलेल्या पाच वेळा, म्हणजे २०१५, २०२०, २०२१, २०२२ आणि २०२४ साली तो तिसरा किंवा चौथा होता. या पाचही वेळा अंतिम फेरी गाठता आली नाही.

म्हणजे ज्याला आपण "प्लेऑफमध्ये गळपटणं" म्हणतो, त्यातला मोठा भाग खरं तर साखळीत घडत होता. २०२० चं उदाहरण घ्या. आरसीबी साखळीतले शेवटचे चार सामने ओळीने हरली, तरी चौथी म्हणून आत शिरली आणि अबू धाबीत सनरायझर्स हैदराबादकडून पाचवा हरली. त्या संघाला प्लेऑफचं दडपण नडलं असं म्हणणं म्हणजे पंधरा दिवस ताप असलेल्या माणसाला परीक्षेची भीती वाटली म्हणण्यासारखं आहे.

आता मुंबईकरांना जरा टोचेल अशी गोष्ट. मुंबई इंडियन्सचे पाच कप: २०१३, २०१५, २०१७, २०१९, २०२०. पाचही वेळा मुंबई साखळीत पहिली किंवा दुसरी होती. आणि मुंबई तिसरी-चौथी येऊन एलिमिनेटर खेळली तेव्हा काय झालं? २०११, २०१२, २०१४, २०२३, २०२५. पाच वेळा, आणि एकदाही अंतिम फेरी नाही. आरसीबीचाही पाचांत शून्य, मुंबईचाही पाचांत शून्य. त्यात २०११ च्या क्वालिफायर टू मध्ये मुंबईला घरी पाठवलं ते आरसीबीनेच. ख्रिस गेलच्या ४७ चेंडूंतल्या ८९ धावा आठवत असतील.

एलिमिनेटरच्या वाटेने कप जिंकणारा २०२५ पर्यंत एकच संघ झाला, २०१६ चा सनरायझर्स हैदराबाद. आणि अंतिम सामन्यात त्यांनी हरवलं कुणाला? आरसीबीला, तेही बंगळुरूच्या चिन्नास्वामीवर. इथे मात्र आरसीबीवाल्यांनी नशिबाला शिव्या घातल्या तर ऐकून घ्यावं.

मग शापबीप काही होता का?

२०२५ च्या आधी आरसीबी नऊ वेळा बाद फेरीत गेली होती: जुन्या पद्धतीत २००९ आणि २०१०, नव्या पद्धतीत सात वेळा. प्रत्येक सामना नाणेफेक धरून हिशेब केला, तर नऊ प्रयत्नांत एकही कप न मिळण्याची शक्यता अकरा टक्क्यांच्या आसपास येते. साधारण नऊत एक. वाईट नशीब खरंच, पण चमत्कार म्हणावा इतकं नाही. दहा संघांच्या स्पर्धेत कुणाच्या तरी वाट्याला हे येणारच होतं. ज्याच्या वाट्याला आलं त्याच्याकडे देशातला सगळ्यात मोठा स्टार होता, म्हणून त्याचा गाजावाजा झाला.

धावांमध्ये बघितलं तर अंतर आणखी लहान दिसतं. २००९ ची अंतिम लढत जोहान्सबर्गला झाली. डेक्कन चार्जर्सच्या ६ बाद १४३ समोर आरसीबी ९ बाद १३७ वर थांबली, सहा धावांनी हरली. अनिल कुंबळेने १६ धावांत ४ बळी घेतले आणि हरूनही सामनावीर ठरला. त्या डेक्कनच्या संघात रोहित शर्मा होता, हे नव्या पोरांना सांगितलं तर विश्वास बसत नाही. २०१६ ला आरसीबी आठ धावांनी हरली. उलट मुंबईने २०१७ आणि २०१९ चे दोन्ही अंतिम सामने एकेका धावेने जिंकले. २०१९ ला शेवटच्या चेंडूवर मलिंगाचा तो यॉर्कर शार्दुल ठाकूरच्या पॅडवर बसला नसता, तर आज मुंबईच्या कपाटात एक कप कमी असता आणि मीम्सही वेगळे असते. फक्त २०११ ची अंतिम लढत एकतर्फी होती. चेन्नईच्या ५ बाद २०५ समोर ५८ धावांनी हार, गेल शून्यावर अश्विनच्या हाती. त्यावर वाद घालण्यासारखं काही नाही.

आता कोहली

इथे आवाज चढतो, म्हणून आकडे आधी.

विराट कोहलीने २०२५ पर्यंत आयपीएलमध्ये ८,६६१ धावा केल्या, सरासरी साडेएकोणचाळीसच्या घरात. प्लेऑफच्या १७ डावांत मात्र ३९६ धावा, सरासरी २६ च्या आसपास, अर्धशतकं फक्त दोन. हा फरक खरा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. २०१५ च्या दोन सामन्यांत १२ आणि १२. २०२० ला स्वतः सलामीला येऊन ६. २०२२ ला राजस्थानविरुद्ध क्वालिफायर टू मध्ये ८ चेंडूंत ७. कोहलीप्रेमी ही यादी आली की विषय बदलतात, ते बरोबर नाही.

पण या यादीला दुसरी बाजू आहे. सतरा डाव म्हणजे साधारण एका हंगामाएवढे डाव, तेही सोळा वर्षांत पसरलेले. २०२२ च्या अख्ख्या हंगामात कोहलीने ३४१ धावा केल्या आणि त्यात तीन वेळा पहिल्याच चेंडूवर बाद झाला. नंतर २०२४ ला ७४१ धावा करून ऑरेंज कॅप मिळवली. तेव्हा विखुरलेल्या सतरा डावांवरून कुणाच्या काळजाची ताकद मोजणं म्हणजे चार पेट्या उघडून सगळ्या बागेच्या हापूसचा दर ठरवणं.

आणखी एक गंमत. त्याची दोन अर्धशतकं कुठली? २०११ च्या क्वालिफायर वन मध्ये चेन्नईविरुद्ध ४४ चेंडूंत नाबाद ७० आणि २०१६ च्या अंतिम सामन्यात ३५ चेंडूंत ५४. दोन्ही सामने आरसीबी हरली. उलट २०१६ च्या क्वालिफायर वन मध्ये आपल्या मुंबईच्या धवल कुलकर्णीने त्याचा शून्यावर त्रिफळा उडवला, आणि तो सामना आरसीबी जिंकली, कारण एबी डिव्हिलियर्स नाबाद ७९ वर उभा होता.

रोहितच्या बाबतीत तरी वेगळं काय आहे? त्याच्या नेतृत्वाखाली मुंबईने जिंकलेल्या पाच अंतिम सामन्यांत त्याच्या धावा: २, ५०, २४, १५, ६८. दोन डाव उत्तम, तीन बेताचे. २०१३ ला पोलार्डच्या नाबाद ६० धावा होत्या, २०१७ ला कृणाल पंड्याच्या ४७, २०१९ ला बुमराचे १४ धावांत २ बळी. रोहित अपयशी ठरला त्या दिवशी दुसरं कुणीतरी उभं राहिलं, म्हणून ते अपयश आपल्या लक्षातही नाही.

स्ट्राइक रेटचं दुखणं

कोहलीवरचा जास्त वजनदार आरोप प्लेऑफचा नाहीच, संथपणाचा आहे. तो अगदीच हवेतला नाही. २०१६ ला त्याचा स्ट्राइक रेट १५२ होता, चार शतकांसह ९७३ धावा. नंतर तो घसरत गेला: २०२० ला १२१, २०२१ ला ११९, २०२२ ला ११६. हेच नेमके आरसीबीच्या एलिमिनेटरचे दिवस. २०२१ ला शारजात कोलकात्याविरुद्ध ३३ चेंडूंत ३९ करून तो सुनील नारायणच्या जाळ्यात सापडला आणि संघ ७ बाद १३८ वर अडकला. आरसीबीचा नियमित कर्णधार म्हणून तो त्याचा शेवटचा सामना. खेळपट्टी मंद होती हे खरं, पण वीस-पंचवीस धावा कमी पडल्या हेही खरं.

एप्रिल २०२४ ला जयपूरमध्ये त्याने ६७ चेंडूंत शतक केलं. आयपीएलमधलं संयुक्तपणे सर्वांत संथ शतक. आरसीबीने ३ बाद १८३ केल्या आणि जोस बटलरच्या शतकाने राजस्थानने सामना सहज काढला. त्यानंतर सुनील गावसकरांनी समालोचनात त्याच्या मधल्या षटकांतल्या संथपणावर बोट ठेवलं. कोहलीने गुजरातविरुद्ध ४४ चेंडूंत नाबाद ७० केल्यावर बॉक्समध्ये बसून बोलणाऱ्यांना सुनावलं, आणि गावसकरांनीही मग पडद्यावरूनच त्याला उत्तर दिलं. मुंबईकरांनी गावसकरांची बाजू घेतली हे सांगायला नको. माझं मत विचाराल तर टीका बरोबर होती आणि ती लागूही पडली असावी: त्या हंगामाअखेर त्याचा स्ट्राइक रेट १५४ च्या वर गेला होता, फिरकीला तो स्वीप मारू लागला होता. पण एलिमिनेटरमध्ये २४ चेंडूंत ३३ करून बाद झाला. बाद करणारा होता युजवेंद्र चहल, ज्याला आरसीबीने २०२२ च्या लिलावाआधी सोडलं होतं.

खरी गळती कुठे होती

चहलचं नाव आलंच आहे तर सांगतो. "चहलला सोडलं म्हणून आरसीबी बुडाली" हे वाक्य फार लोकप्रिय आहे. अर्धं खरं. राजस्थानकडून त्याने २०२२ ला २७ बळी घेऊन पर्पल कॅप मिळवली. पण त्याच वर्षी त्याच्या जागी आणलेल्या हसरंगाने आरसीबीसाठी २६ काढले. तेव्हा एका माणसाच्या जाण्यावर सगळं खापर फोडता येत नाही.

गळती होती ती शेवटच्या षटकांच्या गोलंदाजीत. २०१६ ची अंतिम लढत म्हणजे त्याचा नमुना. शेन वॉटसनच्या चार षटकांत ६१ धावा, त्यातल्या २४ डावाच्या शेवटच्या षटकात. बेन कटिंगने तिथे सामना उचलला. २०९ चं लक्ष्य असूनही गेल (३८ चेंडूंत ७६) आणि कोहलीने साडेदहा षटकांत ११४ ची सलामी दिली. कोहली तेराव्या षटकात २ बाद १४० वर परतला आणि मधली फळी कोसळली. वरच्या तिघांवर सगळा पैसा आणि सगळी भिस्त, खाली आणि गोलंदाजीत ठिगळं. चिन्नास्वामीच्या छोट्या मैदानावर हे साखळीत चालून जातं, कारण २०० करून २०० अडवता येतात. दुसऱ्या मैदानावर, चार दिवसांत दोन बाद सामने असले की ठिगळं उसवतात. याची जबाबदारी कर्णधार म्हणून कोहलीवर काही प्रमाणात येतेच, २०१३ ते २०२१ तोच कर्णधार होता. पण फलंदाज म्हणून त्याच्यावर टाकलेल्या ओझ्याचंही हेच कारण होतं.

२०२५ ला काय बदललं?

२७ मे २०२५, लखनौ. साखळीतला शेवटचा सामना. लखनौच्या ३ बाद २२७. आरसीबी हरली असती तर तिसरी आली असती आणि एलिमिनेटरमध्ये समोर चौथी आलेली मुंबई असती. म्हणजे भाट्ये किनाऱ्यावरचा वाद थेट मैदानावरच मिटला असता. पण अमरावतीच्या जितेश शर्माने ३३ चेंडूंत नाबाद ८५ ठोकल्या, आरसीबीने आठ चेंडू राखून लक्ष्य गाठलं आणि दुसरा नंबर घेतला. माझ्या मते आरसीबीचा कप त्या रात्री निम्मा जिंकला गेला होता. साडेबारा टक्क्यांवरून साडेसदतीसवर नेणारी ती खेळी.

पुढे क्वालिफायर वन मध्ये पंजाब १०१ वर गारद. मुंबईने तिकडे एलिमिनेटर जिंकला, पण क्वालिफायर टू मध्ये श्रेयस अय्यरने ४१ चेंडूंत नाबाद ८७ करून २०३ धावा फिक्या पाडल्या. मुंबईच्याच पोराने मुंबईला बाहेर काढलं.

३ जूनला अहमदाबादेत आरसीबीने ९ बाद १९० केल्या. कोहलीच्या ३५ चेंडूंत ४३. त्या डावादरम्यान समाजमाध्यमांवर त्याला काय काय म्हटलं गेलं ते आठवा. हरले असते तर तीच खेळी वर्षानुवर्षं पुराव्यादाखल फिरली असती. पण कृणाल पंड्याने चार षटकांत १७ धावा देऊन २ बळी घेतले, हेझलवूड आणि भुवनेश्वर शेवटपर्यंत टिकले आणि आरसीबी सहा धावांनी जिंकली. २००९ ला जेवढ्याने हरली होती, अगदी तेवढ्यानेच. कृणाल २०१७ च्या अंतिम लढतीत मुंबईकडून सामनावीर होता. दोन आयपीएल अंतिम सामन्यांत सामनावीर ठरलेला तो पहिला खेळाडू. तेव्हा "कप तुम्हाला आमच्याच माणसाने मिळवून दिला" एवढं म्हणायचा हक्क निळ्या जर्सीला आहे.

दुसऱ्या दिवशी, ४ जूनला, चिन्नास्वामीबाहेर विजयोत्सवासाठी लोटलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली आणि ११ जणांचा जीव गेला. "ई सल कप नमदे", म्हणजे यंदा कप आमचाच, या घोषणेवर आपण वर्षानुवर्षं हसलो. मराठी कानाला त्यातला "सल" वेगळाच ऐकू येतो म्हणून जरा जास्तच हसलो. त्या दिवसानंतर तो विनोद करताना निदान माझी तरी जीभ अडखळते.

वैर कितपत खरं?

२१ मे २०२२ आठवतो? वानखेडेवर मुंबई विरुद्ध दिल्ली. मुंबई तळाला, गमावण्यासारखं काही नाही. दिल्ली हरली तरच आरसीबी प्लेऑफमध्ये. त्या रात्री सगळं बंगळुरू मुंबईसाठी ओरडत होतं आणि टिम डेव्हिडने ११ चेंडूंत ३४ करून त्यांचं काम केलं. बरोबर एका वर्षाने, २१ मे २०२३ ला, पारडं फिरलं. कोहलीने नाबाद १०१ केल्या, शुभमन गिलने नाबाद १०४ करून त्या पुसल्या, आरसीबी हरली आणि मुंबई आत गेली. टिम डेव्हिड २०२५ ला आरसीबीत होता.

आणि ११ एप्रिल २०२४. वानखेडेवर मुंबईचेच प्रेक्षक आपल्या नव्या कर्णधाराची, हार्दिक पंड्याची, हुर्यो उडवत होते. त्यांना हाताने थांबायची खूण करणारा आरसीबीचा खेळाडू कोण होता, हे पुढच्या वेळी वादात कोहलीचं नाव निघालं की विचारून बघा.